भित्र्या माणसानं बनवलेली गाडी

मी मूळचा नामपूरचा, बागलाणातला. आमचे दादा, म्हणजे वडील, विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, ती जुनी धडधडणारी, बाजूला भलं मोठं चाक न त्यावर पट्टा, आणि त्यांची पद्धत अशी का स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे न ऐकायचं, मग सांगायचं का कुठलं बेरिंग गेलं. मी लांब उभा. त्या पट्ट्याची मला लय भीती. एकदा तो सुटला न शेजारच्या लिंबाची साल सोलून गेला, तेव्हापासून मी इंजिनाजवळ जायचो तेच अंग चोरून. दादा म्हणायचे, ह्या पोराच्या हातात पाना टिकायचा नाय, हा भित्रा. आई अहिराणी बोलायची, ती म्हणायची, भिऊ नको रे भाऊ, मी शे ना, म्हणजे मी हाय ना. आता आई नाय, दादा नाय, भीती तेवढी हाय.

हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही मला उगाच मोठं करणार नाय. तुम्ही आलात अंबडच्या कारखान्यांत गेलेल्या बोटांचं विचारायला, कोणाची गेली, कशी गेली. सांगतो. पण मला ते एका इंग्लंडच्या गाडीवरून सांगता येईल, सरळ नाय सांगता येणार.

आयटीआय केलं न नाशिकला अंबडमध्ये लागलो, पत्र्याचे पार्ट काढायच्या कंपनीत. नाव आत्ता नका विचारू, शेवटी सांगतो. पॉवर प्रेस तुम्ही बघितला असेल, वर एक जड ठोकळा, तो खाली येतो न पत्र्यातून पार्ट कापून काढतो, पापणी लवायच्या आत. ज्यानं ते मशीन बनवलं त्यानं त्याला दोन बटणं दिलेली, दोन बाजूंना, लांब लांब, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोकळा खाली येणार. का? तर दोन्ही हात बटणावर असले म्हणजे आत कुठलाच हात नाय. किती साधी गोष्ट. आणि आमच्या शॉपमधल्या सगळ्या प्रेसच्या डाव्या बटणात लाकडाची पाचर मारलेली. एक बटण कायमचं दाबलेलं. मग कामगार एका हातानं पत्रा सरकवणार, एका हातानं बटण दाबणार, माल भराभर निघणार. ही पाचर कोण मारायचं? सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा. सेटर कोण? मी. सुपरवायझर सकाळी आत आला का विचारायचा, निंबा, पाचरी मारल्या का? चहा झाला का विचारावं तसं.

काशिनाथ सुरगाण्याकडचा, डोंगरातला, ठेकेदाराचा माणूस, मला निंबादादा म्हणायचा. दुपारच्या पाळीला त्याची डाव्या हाताची चार बोटं गेली. मी दोन मशीन पलीकडं होतो, न दादांचा कान थोडा माझ्यात आलेला हाय, तेवढ्या गोंगाटात मला कळलं का हा आवाज पत्र्याचा नाय. धावलो. आणि काय सांगू तुम्हाला, सगळ्यात आधी मी काय केलं माहीत हाय का? पाचर काढली. माणूस खाली पडलेला, दुसरे त्याचा हात कापडात गुंडाळत होते, न मी पाचर काढून खिशात घातली. कोणी सांगितलं नव्हतं. भीतीनं हात आपोआप तिकडं गेला. मग कंपनीनं कागद केला, का मशीनची दोन्ही बटणं व्यवस्थित होती, कामगारानं निष्काळजीपणानं हात आत घातला. आता डावं बटण आधीच दाबलेलं नसेल तर हात आत असताना ठोकळा खाली येतोच कसा, हे कोणी विचारलं नाय. विचारणारे सगळे मालकाच्या केबिनमध्ये कांदेपोहे खात होते. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. दुसऱ्या दिवशी सगळ्या मशीनला नवीन पाचरी, त्या पण मीच मारल्या.

दोन महिन्यांनी मी नोकरी सोडली. लोकांना वाटलं तत्त्वानं सोडली. तत्त्व कसलं, मला प्रेसचा आवाज सहन होईना, कपात चमचा वाजला तरी मी दचकायचो. सुमन, आमची मंडळी, ती म्हणाली, करा दुसरं काहीतरी, पण असं भिंतीकडं बघत बसू नका.

मग सलीमचाचांकडं लागलो. जुन्या नाशकात त्यांचं गॅरेज, जुन्या गाड्यांचं, ज्या गाड्यांना आता कोणी हात लावत नाय अशा. चाचा मला उस्तादच. त्यांच्याकडं पिंपळगाव बसवंतच्या एका शेठची गाडी आली, ट्रेलरवरून. शेठचं कोल्ड स्टोरेज हाय, पॅकहाउस हाय, मुलगी लग्नाची, न त्यांना हौस का जावयाची वरात ह्या गाडीतून काढायची. इंग्लंडची गाडी, माझ्या जन्माच्या आधीची. काळी न चंदेरी, समोर देवळाच्या खांबांसारख्या उभ्या पट्ट्यांची जाळी, बॉनेट एवढं लांब का ड्रायव्हरला पुढचं टोक दुसऱ्याच गावात असल्यासारखं वाटावं. दोन टनाची. दरवाजा लावला तर आपटल्याचा आवाज नाय, पेटीचं झाकण बसावं तसा. मागं बसणाऱ्याला अक्रोडाच्या लाकडाचं टेबल, उघडलं न मिटलं तरी बिजागरी कुरकुरत नाय. मला वाटलं, सगळा राजेरजवाड्यांचा नखरा.

चाचा म्हणाले, नखरा वर हाय, खाली बघ. गाडी वर घेतली न मला खाली घेऊन गेले. ही बघ, म्हणाले, ड्रायव्हरच्या डॅशबोर्डखाली एक छोटं पॅडल, ते पायानं एकदा दाबलं का बारीक नळ्यांतून तेल चाकाजवळच्या प्रत्येक सांध्याला जातं, प्रत्येकाला त्याच्या मापाचं. म्हणजे ड्रायव्हर आळशी असला, मालक कंजूष असला, तरी सांधा कोरडा राहू नये. आणि हे बघ ब्रेकचं. एवढ्या जड गाडीला माणसाचा पाय पुरणार नाय, म्हणून गिअरबॉक्सच्या बाजूला बशीएवढी एक चकती, ती गाडीबरोबर फिरते. पाय दाबला का चकती धरली जाते न गाडीच्याच चालीची ताकद ब्रेकला मिळते. गाडी जितकी जोरात, तितका ब्रेकला जोर. त्याशिवाय पायाचा थोडा जोर सळईनं थेट मागच्या चाकांना वेगळा जातो, तेलाची नळी फुटली तरी. त्याशिवाय हँडब्रेक. एक गेलं तर दुसरं, दुसरं गेलं तर तिसरं. मग चाचा हसले न म्हणाले, जिसने ये गाडी बनाई ना, डरपोक आदमी होगा. तेरे जैसा. प्रत्येक नटाला त्यानं विचारलेलं हाय, तू तुटलास तर? म्हणून मागं बसणारा निवांत बसतो. तो बसतो, कारण कोणीतरी आधीच त्याच्या वाटचं घाबरून ठेवलेलं हाय.

हे माझ्या डोक्यातून जाईना. मी गाडीखाली पडलेलो, न मला प्रेसची दोन बटणं आठवली. ते मशीन बनवणारा पण असाच भित्रा असणार. त्यानं पण विचारलं असणार, हात आत राहिला तर? त्यानं केलं होतं बरोबर. पाचर आमची होती. आणि मालक भित्रा नव्हता, मालकाला कशाला भीती, आत हात त्याचा थोडाच जाणार होता.

चाचा त्याच वर्षी गेले. गॅरेज न गाडी दोन्ही माझ्यावर आलं. त्या ब्रेकच्या चकतीचं लायनिंग, म्हणजे तिच्यावरचा धरणारा थर, झिजलेलं, ते परदेशातून मागवायला लागलं, यायला दोन महिने गेले. एक गोष्ट चाचांनी दहा वेळा सांगितलेली, ही चकती कोरडी पाहिजे, तेलाचा वास पण नको, तेल लागलं का ती घसरणार, धरणार नाय. आता तुम्ही ऐका मी काय केलं. खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळी हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर कापड टाकून ओळीनं मांडायची, हळदकुंकू, झेंडू, न प्रत्येकाला तेलाचं बोट. दादा करायचे, अंबडला करायचो, चाचांच्या गॅरेजात पण करायचो, चाचा स्वतः पेढे आणायचे. सुमन ताट घेऊन आलेली. नवीन लायनिंगची चकती तयार होऊन बाकावर होती, न मला वाटलं एवढी किमती वस्तू, हिची पूजा पहिली. मधोमध मांडली. मग ओळीनं बोट लावत आलो, पान्याला एक, हातोड्याला एक, जॅकला एक, आणि चकती मोठी, मधली, तिला पाच बोटं. हात सवयीनं चालतो हो. डोकं तेव्हा आरती म्हणत होतं.

दिवाळीनंतर गाडी जुळवली. गॅरेजच्या पटांगणात फिरवली, पाय दाबला, थांबली. पुन्हा दाबला, थांबली. कारण हळू चालताना ती चकती तसंही काही करत नाय, पायाच्या जोरावरच थांबते. म्हणजे दोष हळू चालताना दिसतच नाय. लग्नाला तीन दिवस राहिले न मी एकटा हायवेला घेऊन गेलो. काय चालत होती ती. इंजिनाचा आवाज नाय, नुसता टायरचा. पुलाच्या उताराला लागलो, पुढं कांद्याचा टेम्पो, मी पाय दाबला. पॅडल दगडासारखं कडक. पायाची सळई त्या वेगाला पुरेना, गाडी तशीच. मी उभा राहिलो पॅडलवर, सीटवरून उठून, दोन्ही पायांनी, न ती दोन टन वजन घेऊन शांत उतरत होती, त्या शांतपणाची मला अजून भीती वाटते. टेम्पोत गोण्यांवर दोन बाया बसलेल्या. त्यातल्या एकीनं माझ्याकडं बघून हात हलवला. तिला वाटलं लग्नाची गाडी. मी हँडब्रेक ओढला, जीव खाऊन ओढला, चाकं किंचाळली न गाडी थांबली तेव्हा टेम्पो न माझ्यात एक हात अंतर. ती बाई हसत होती. मी तिच्याकडं बघून हसलो पण. 

दहाच्या स्पीडनं परत आणली, चकती खोलली न नाकाजवळ धरली. मशीनचं तेल नाय. खोबरेल. पूजेच्या वाटीतलं खोबरेल. लायनिंगवर पाच काळे डाग, पसरून एकमेकांत मिसळलेले. मी ती पेट्रोलनं धुतली, उन्हात ठेवली, पण लायनिंगनं तेल एकदा पिलं का पिलं. दुसरं मागवायला पुन्हा दोन महिने. मग मी काय केलं? परत बसवली. होय, परत बसवली न बोल्ट आवळले. म्हटलं हळूच तर चालवायचीय, कोणाला कळतंय. सुमननं विचारलं काय झालं, म्हटलं काय नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले, बरोबर त्यांचा मॅनेजर न ड्रायव्हर. मी म्हटलं, शेठ, ब्रेक अजून बसला नाय, जोरात चालवू नका. ड्रायव्हरनं पटांगणात फिरवली, थांबली. शेठ म्हणाले, थांबते की. अरे वरातीत ती चालणार का पळणार? मी म्हटलं, वरातीनंतर? मॅनेजर म्हणाला, नंतर नवरा-नवरीला घेऊन हायवेनं नाशिकला हॉटेलवर, बस. त्यानं एक कागद काढला, का गाडी तपासली, ब्रेक व्यवस्थित, चालवायला योग्य, खाली माझं नाव छापलेलं, सहीला जागा मोकळी. म्हणाला, आपली काळजी म्हणून, काय झालंच तर. म्हणजे काय झालंच तर ते माझ्या नावावर.  मी म्हटलं, पेन नाय. तो म्हणाला, माझं घे. मी म्हटलं, हात तेलाचे हायेत, कागद खराब होईल, ठेवून जा, उद्या गाडीबरोबर देतो. काय सांगू, एवढीच हिंमत.

आणि त्याच दुपारी काशिनाथ आला. सात वर्षांनी. बॅंडवाल्याबरोबर आलेला, गाडीची लांबी बघायला, का दिवे किती पुढं धरायचे. लग्नाच्या दिवसांत तो दिवे धरतो. ती उंच दिव्याची चौकट त्याला एका हातानं पेलत नाय म्हणून पट्ट्यानं छातीला बांधून घेतो. तुम्ही नीट बघितलंय का कधी ते? दिवे धरणाऱ्यांची रांग, न सगळ्यांचे दिवे एकाच वायरीनं मागच्या जनरेटरला जोडलेले. गाडी त्या दोन रांगांच्या मधून, पुढं नाचणारे. वायरीनं बांधलेल्या माणसाला उडी मारून बाजूला होता येत नाय. आणि वरातीचा रस्ता देवळापासून लग्नाच्या लॉन्सपर्यंत सगळा उताराचा. फटाका फुटला, ड्रायव्हर दचकला, पाय एक्सलेटरवर पडला, बस.

मला बघून काशिनाथचं तोंड फुललं. म्हणाला, निंबादादा, तू होय? मग गाडीचं काय बघायचं नाय. मग बॅंडवाल्याला सांगायला लागला, दादाचा हात लय साफ, कंपनीत माझं मशीन दादाच लावायचा. मस्करी करत नव्हता. मनापासून. म्हणाला, मी गाडीच्या अगदी पुढं राहतो, बॉनेटजवळ, फोटोत येईन. न जाताना त्या हातानं, एका अंगठ्याच्या हातानं, त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं.

तो गेला. मी तिथंच बसलो, किती वेळ ते माहीत नाय. मग उठून गाडीखाली गेलो न चकती परत काढली. ह्यावेळी काढून पिशवीत घातली. न एसटीनं पिंपळगावला गेलो, कारण मोटारसायकलचं हँडल धरवेना.

शेठच्या दारात मांडव, पाहुणे, हळदीची गडबड. मी सगळ्यांसमोर म्हटलं, शेठ, गाडी मिळणार नाय, ब्रेकची चकती ही बघा, हिला तेल लागलंय, न ते मीच लावलं, खंडेनवमीला, पूजेत. शेठ आधी हसले. म्हणाले, पूजेचं तेल लावून कधी कोणाचं वाईट झालंय का रे? पाहुणे पण हसले. मी म्हटलं, झालं असतं काल, पुढच्या टेम्पोत दोन बाया होत्या. मग हसू गेलं. मॅनेजर म्हणाला, दुसरा मेकॅनिक आणतो, दोन तासांत बसवतो. म्हटलं, बसवायला चकती पाहिजे, ती माझ्या पिशवीत हाय. म्हणाला, कागदावर सही कर न चालता हो. मी म्हटलं, करतो की, ब्रेक नाय असं लिहा, लगेच करतो.  शेठ जवळ आले न हळू म्हणाले, माझ्या मुलीच्या लग्नात अपशकुन केलास, नाशकात तुझ्या हातात पाना राहणार नाय. हळू बोलणाऱ्या माणसाची भीती जास्त वाटते. मी म्हटलं, शेठ, तुमचीच मुलगी बसणार होती त्यात. ते तसेच वळले. आत निघून गेले.

वरात घोड्यावरून निघाली. मी नाय गेलो, काशिनाथचा फोन आला. म्हणाला, दादा, घोडा लय नाचला, दोनदा आमच्या अंगावर आला, तुझी गाडी असती तर बरं झालं असतं.  मी म्हटलं, काशिनाथ, तू घरी ये, तुला एक सांगायचंय.

रविवारी आला. मी त्याला सगळं सांगितलं, गाडीचं, न मग कंपनीच्या त्या कागदाचं, माझ्या सहीचं. तो कागद त्याला कोणी वाचून दाखवलेलाच नव्हता. त्याला वाटत होतं चूक त्याचीच. सात वर्षं तो घरात, गावात, सगळ्यांना सांगत आलेला, का माझंच लक्ष नव्हतं.  सुमननं चहा ठेवला तो गार झाला. मग त्यानं एवढंच विचारलं, पाचर कुठं हाय? मी घरच्या कपाटातून काढून दिली, त्या दिवसापासून ठेवलेली. त्यानं हातात फिरवून बघितली न म्हणाला, एवढीशीच? न ठेवून गेला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दोन दिवसांनी तुमचा नंबर त्यानंच पाठवला, का हे कामगारांचे अर्ज लिहून देतात.

शेठची गाडी ट्रेलरवरून गेली. चकती मी त्यांच्या माणसाच्या हातात दिली, तेल लागलंय असं चिठ्ठीवर लिहून, न त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला, एवढं शिकलो. आता गॅरेजात दुसरी गाडी नाय. एक मोटारसायकलवाला समोरच्या टपरीवर येऊन दुपारभर बसतो, चहा पीत नाय, इकडं बघत राहतो. कोणाचा, माहीत नाय. शेठचा असेल, कंपनीचा असेल, नुसता रिकामटेकडा पण असेल. सुमन म्हणते, विचारून या. मी नाय जात. मी आतून कडी लावून काम करतो, म्हणजे काम नसलं तरी आत बसतो.

आता कंपनीचं नाव लिहून घ्या. लिहिलं? सुपरवायझरचं पण घ्या. आणि सेटरचं, निंबा, माझं, ते पहिलं लिहा. अर्जात असं लिहा का डावं बटण पाचर मारून दाबलेलं होतं, पाचर मी मारली, मारायला कोणी सांगितलं तेही लिहा, न आधीच्या कागदावर लिहिलेलं खोटं, सही माझी. मला काय होईल ते तुम्ही सांगू नका. मी विचार करून बघितलाय, तुमच्यापेक्षा जास्त घाबरून बघितलाय. पाचर मी उद्या स्वतः तुमच्या ऑफिसात घेऊन येतो, काशिनाथ पण येणार हाय, तो म्हणाला, टेबलावर मी ठेवीन. त्यानंच ठेवावी.

हात बघा माझा, अजून थरथरतोय. राहू दे. थरथरत्या हाताची सही चालते ना? चालत असेल तर झालं. चहा घेऊन जा. आणि जिथं जिथं असं विचारायला जाल तिथं मशीनपासून दोन पावलं लांब उभे राहा. तुमची दहाही बोटं शाबूत राहोत.